आल्ट पासष्ट आणि रंगुबाईंचा कौल

कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहू नये, असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही. लिहिलेले असते तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या घरात शास्त्राचे खाते चांगुणेकडे आहे. माझ्याकडे फक्त शंका विचारण्याचे खाते होते, आणि तेही लग्नानंतर लवकरच बंद पडले.

खंडेनवमीला घरातली हत्यारे पाटावर मांडून पुजायची, ही आमच्याकडची रीत. कोयता, विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर. मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होतो. त्या उमेदीत मी एक मशीन घरीही आणले, तेव्हापासून तेही हत्यारांत मोडू लागले. चांगुणा कीबोर्डच्या बरोबर मधोमध, देवाच्या कपाळी लावावे तसे हळदीचे बोट ओढी. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, आणि शेवटी नारळ फोडून त्याच्या पाण्याचा शिडकावा.

"अगं, आत वायरी असतात," मी एकदा म्हणालो होतो.

"देवाच्याही आत काहीतरी असतंच की," ती म्हणाली.

पुढे मशीन जुने होऊन माळ्यावर गेले, तरी दर नवमीला शिडी लावून ती वर चढायची आणि त्याचा मान त्याला देऊन उतरायची. इतका मान मला रिटायर झाल्यावर मिळालेला नाही.

हे पुराण लावायचे कारण म्हणजे आमची नात संस्कृती आणि पुणतांब्याचा करण.

दोघे राहुरीला बरोबर शिकत होते. कांद्यावरच्या करपा रोगाचा अभ्यास करता करता त्यांनी परस्पर लग्न ठरवले आणि मग दोन्ही घरांना कळवले. मुलगा चांगला, गोदाकाठची काळी जमीन, माणसे सरळ. आम्ही हो म्हणालो, त्यांनीही हो म्हटले. तेवढ्यात करणचे मामा बिभीषणराव यांनी दोघांच्या जन्मतारखा मोबाईलमध्ये घातल्या आणि जाहीर केले, की छत्तीसपैकी गुण फक्त सोळा जुळतात. निदान अठरा लागतात. दहावीला असते तर ग्रेस मार्क देऊन वर ढकलता आले असते. लग्नात ती सोय नाही.

मामांना एक मेहुणी आहे आणि त्या मेहुणीला लग्नाची मुलगी आहे, हे आम्हाला नंतर कळले. घरच्यांनी त्यांचे नाव ठेवताना पूर्ण विचार केला असावा, असे मला तेव्हापासून वाटते.

संस्कृती जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझा मुलगा आणि सून एकमेकांना हळू आवाजात चहा विचारू लागले. आमच्या घरात हळू आवाज म्हणजे फार मोठे संकट. अशात पुणतांब्याहून करणच्या आजीचा, रंगुबाईंचा फोन आला. पुणतांबा ते नेवासा अंतर बरेच आहे, म्हणून त्या फोनवर ओरडून बोलतात.

"कल्याणभाऊ! तुमचं ते करकर मशीन हाय का अजून?"

"कुठलं, काकू?"

"माझ्या ल्येकाचं जमवलं हुतं ते! दोन्ही अंगाला भोकं पाडल्याला कागद निघायचा बगा. मोबाईलवर माजा इश्वास न्हाई, त्यो समद्यांशी ग्वाड बोलतो. तुमच्या मशीनवर काढा. त्ये व्हय म्हनलं तर तितंच सुपारी फोडू. न्हाई म्हनलं तर आमच्या पोरानं गप बसायचं. रविवारी येतो आमी."

मशीन मोडीत गेले असे मी सांगायला हवे होते. पण संस्कृती उठून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडून निघाले, "आहे की! एकदम टकाटक!"

मी आजवर मारलेल्या थापांमध्ये ही मध्यम आकाराची होती. एक मात्र खरे, की एकेकाळी त्या मशीनवर मी अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका जुळवल्या. प्रिंटरचा आवाज असा, की तो सुरू झाला की नदीपलीकडची कुत्री भुंकायची आणि गल्लीतल्या लग्नाच्या मुली घरातल्या घरात लाजायच्या. एकदा एका जोडप्याचे गुण फारच कमी निघाले, तेव्हा प्रवरामाई शरमेने हातभर मागे सरकली होती. पाहणारे आता हयात नाहीत, पण मी आहे.

मशीन माळ्यावरून उतरवायला शेजारचे गहिनीनाथ आले. हे रिटायर्ड वायरमन. यांना कुठलेही काम सांगितले की ते आधी त्या वस्तूच्या अंगावर थाप मारतात. टीव्ही, पंखा, नातू, सगळ्यांना हाच उपाय. त्यांनी मशीनवर थाप मारली, आत एक नवी बॅटरी आणि दोन वायरी जोडल्या आणि बटण दाबले. आतून जाते फिरावे तशी घरघर झाली. काळ्या पडद्यावर सी आले, दोन टिंबे आली आणि पुढे ती लुकलुकणारी रेघ आली. आताच्या पोरांना ही रेघ माहीत नाही. तिच्यात चित्र नाही, खिडकी नाही, उंदीर नाही. ती नुसती विचारते, "बोला, काय काम आहे?" एखादा जुना मुनीम विचारतो तसे. मला भरून आले.

मी पहिले अक्षर दाबले. काही उमटले नाही. दुसरे दाबले, ते खाली गेले ते वर आलेच नाही.

कीबोर्ड उलटा करून आपटला. आतून तांबडी-पिवळी भुकटी, तांदूळ, सुकलेली झेंडूची पाकळी आणि एक वात निघाली. गहिनीनाथांनी हात जोडले.

"तात्या, ह्यो कीबोर्ड न्हाई, ह्ये देवस्थान हाय."

"तुझ्या हळद-कुंकवानं मशीनचा जीव घेतला," मी चांगुणेला म्हणालो.

"आणि इतकी वर्षं चाललं ते कुणाच्या पुण्याईनं?" ती म्हणाली.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत फुकट मिळणारी ही एकच वस्तू आहे, आणि ती घरपोच येते. गहिनीनाथ म्हणाले, मोबाईल पाण्यात पडला की तांदळात पुरतात, तसा हा पुरा. चांगुणा म्हणाली, तांदूळ देणार नाही, बाजरी देते. कीबोर्ड बाजरीच्या डब्यात ठेवला. बाहेर काढला तेव्हा नारळपाण्याचा ओलावा तसाच होता, पण बटणांच्या फटींत निम्मी बाजरी शिरून बसली होती. मग तो उन्हात वाळवायला गच्चीवर ठेवला. तिथे गल्लीतल्या छबूबाईंची कोंबडी आली. बाजरी टिपता टिपता तिने जे टाईप केले, ते मशीनला जोडलेले असते तर त्या दिवशी काय निघाले असते कोण जाणे. जाताना एक बटण चोचीत घेऊन गेली. छबूबाईंकडे चौकशी केली, तर त्या म्हणाल्या, "आमची कोंबडी तसली न्हाई." कोंबडीची बाजू घेऊन भांडणारी बाई समोर असेल, तर शहाण्याने मागे फिरावे. मी फिरलो.

नवा कीबोर्ड का नाही घेतला, असे तुम्ही विचाराल. सगळ्यांनी विचारले. या मशीनला लागते पाच सुयांची जाडजूड गोल पिन. नगरच्या दुकानदाराने ती हातात घेऊन वास घेतला आणि विचारले, "हे ट्रॅक्टरचं आहे का?"

तेवढ्यात कुणीतरी सांगितले, की तालुक्यातल्या एका शाळेत अगदी असाच कीबोर्ड आहे. मी धावत गेलो. मुख्याध्यापकांनी चहा दिला. शासकीय नकार चहाबरोबर देतात, हे मला कारखान्यातल्या नोकरीमुळे माहीत होते, म्हणून चहा पाहूनच माझे मन खचले.

"वस्तू डेडस्टॉकला आहे," ते म्हणाले. "निर्लेखन होऊन वहीतून नाव खोडल्याशिवाय हलवता येत नाही."

"मग करा की निर्लेखन."

"त्यासाठी वस्तू निरुपयोगी आहे असा दाखला लागतो. तुम्ही तर उपयोगासाठी मागताय. म्हणजे ती उपयोगी ठरली. उपयोगी वस्तूचं निर्लेखन कसं करायचं?"

इतके निर्दोष तर्कशास्त्र मी आमच्या घराबाहेर प्रथमच ऐकले.

"निदान दाखवा तरी."

त्यांनी मला वर्गात नेले. भिंतीवर रंगीत अक्षरांत 'संगणकाचे अवयव' असे लिहिले होते आणि खाली तो कीबोर्ड चार खिळे मारून टांगला होता. एक खिळा आरपार गेला होता. वर मी हात लावतोय का, यावर शिपाई नजर ठेवून होता.

घरी आलो तेव्हा संस्कृती दारात उभी होती. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि म्हणाली, "तात्या, राहू द्या." मला कुणी "राहू द्या" म्हटलेले चालत नाही. कारखान्यात एकदा जनरल मॅनेजर असे म्हणाले होते, तर मी त्यांचा पंखा बंद करून बाहेर आलो होतो.

तिरीमिरीत मी मशीन चालू केले आणि त्या मेलेल्या कीबोर्डवर थाप मारली, गहिनीनाथांसारखी. पडद्यावर एक आकडा उमटला.

मी खुर्ची ओढून बसलो. एकेक बटण तपासले, तेव्हा चांगुणेच्या भक्तीचा नकाशाच समोर आला. तिने सगळे मधोमध वाहिले होते. त्यामुळे मधली अक्षरे गेली होती, पण कडेची वस्ती शाबूत होती. उजवीकडचे आकडे जिवंत. वरची एफ-वन, एफ-टू वगैरे रांग जिवंत. खालची लांब पट्टी, तिच्या शेजारचे आल्ट, आणि एंटर जिवंत. एका राज्याची राजधानी पडली होती, पण सरहद्दीवरचे किल्ले लढत होते.

आणि हे किल्ले कसे लढवायचे, हे त्या क्षणी अख्ख्या जिल्ह्यात फक्त मला माहीत होते. ही थाप नाही. असली तर मध्यमपेक्षा लहान आहे.

त्या काळ्या पडद्याच्या काळात उंदीर नव्हता, म्हणून आम्ही बोटांनी सगळे करायचो. आल्ट दाबून धरायचे, उजवीकडे अक्षराचा आकडा मारायचा, आल्ट सोडायचे, की अक्षर उमटते. ए म्हणजे पासष्ट, बी सहासष्ट, झेड नव्वद. आणि मागे दिलेला हुकूम मशीन ध्यानात ठेवते. एफ-वन दाबले की त्यातले एक अक्षर परत देते, एफ-थ्री दाबले की उरलेली सगळी ओळ ओतते. ऑफिसात आम्ही हे पावकी-निमकीसारखे पाठ केले होते. माझ्या बायकोचा वाढदिवस मी विसरतो, पण आर म्हणजे ब्याऐंशी हे मला भुलीच्या इंजेक्शनातही सांगता येईल.

पत्रिकेच्या प्रोग्रामचे नाव होते जी-यू-एन-ए. एकाहत्तर, पंच्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पासष्ट. त्यापुढे त्याच ओळीत मुलाची जन्मतारीख आणि वेळ, मग मुलीची, आणि एंटर. तारखा तर आकड्यांच्याच. रविवारपर्यंत मी घरभर आकडे पुटपुटत हिंडलो. गहिनीनाथांनी प्रिंटरच्या वाळलेल्या रिबनवर ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची जांभळी शाई ओतली. छबूबाईंनी चांगुणेला विचारले, "तात्यांना मटक्याचा नाद लागला का गं?"

रविवारी पुणतांब्याची मंडळी आली. रंगुबाई, करण, करणची आई दिपाली, आणि लॅपटॉप बगलेत मारलेले बिभीषणमामा. पोहे झाले. मी मशीनसमोर बसलो. रंगुबाई खुर्ची ओढून माझ्या उजव्या अंगाला.

"ह्या दिपालीचं ह्याच मशीननं जमवलं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "सत्तावीस गुण निघाले. तेवढेच हायेत, त्याच्यावर एकबी न्हाई."

दिपालीने पदर सावरून छताकडे पाहिले.

मी आल्ट धरून आकडे मारू लागलो. मामा वाकून बघत होते.

"तात्या, अक्षरांची बटणं बाजूला ठेवून आकडे कशाला मारताय? आँ?"

"जुनी पद्धत आहे," मी म्हणालो. "अक्षर सगळ्यांना येतं."

पण ते कानाशी बोलल्याने माझे बोट घसरले. पासष्टऐवजी सहासष्ट पडले, आणि मी तसाच तारखा घालून एंटर मारला. पडद्यावर आले, असा हुकूम आम्हाला माहीत नाही. मामा एवढ्या मोठ्याने हसले, की त्यांच्या हातातली पोह्यांची बशी हलली.

"मशीन तुम्हाला वळखत न्हाई वाटतं!"

स्वयंपाकघराच्या दारात संस्कृती चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मी मामांकडे पाहिले नाही. एफ-वन, जी. एफ-वन, यू. एफ-वन, एन. तिथे थांबलो. आल्ट, पासष्ट, सोडले. चुकलेल्या अक्षराच्या जागी शहाणे अक्षर बसले. मग एफ-थ्री. आणि राहिलेली सगळी ओळ, दोघांच्या तारखा, वेळा, जागच्या जागी, धरणाचे दार उघडावे तशी धावत आली. मामांचे तोंड उघडे राहिले होते. मी एंटर दाबला, करंगळीने. करंगळीने दाबायची गरज नव्हती.

प्रिंटर किंचाळला. नदीपलीकडून कुत्री भुंकली, मी म्हणत नव्हतो का? भोकांचा कागद झटके देत बाहेर आला, जांभळा, ओला. मी तो फाडून वाचला.

"एकतीस! छत्तीसपैकी एकतीस!"

संस्कृतीने ट्रे जिथे हाताला लागेल तिथे ठेवला. तो गहिनीनाथांच्या मांडीवर होता, पण त्यांनी आनंदाच्या भरात चटका सोसला. करण उभा राहिला, मग कशासाठी उभा राहिलो हे न कळून परत बसला.

आणि तेव्हा मला कागदावरची वरची ओळ दिसली. पुण्याच्या ज्या गृहस्थाने हा प्रोग्राम लिहिला, त्याने साल दोनच आकड्यांचे ठेवले होते. करण अठ्ठ्याण्णवचा, तो सुटला. संस्कृती दोन हजार एकची, म्हणून मी शून्य-एक घातले. मशीन मागच्या शतकातले. त्याने इमानाने मागे एकोणीस लावले. कागदावर स्वच्छ जांभळ्या शाईत मुलीचे जन्मसाल होते एकोणीसशे एक. त्या सालचा चंद्र कुठल्या नक्षत्रात होता ते चंद्रालाच ठाऊक, पण करणशी त्याचे उत्तम जमत होते.

मी त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"एकतीस कसं?" मामा उसळले. "मोबाईल सोळा म्हनतो! परत काढा!"

"काढा," रंगुबाई म्हणाल्या. "देवीला कौल लावतो तवा तीनदा लावतो. एकदा चुकंल, दोनदा चुकंल, तिसऱ्यांदा देवी चुकत न्हाई. आनखी दोनदा काढा, भाऊ."

डाव्या अंगठ्याखाली कागद तसाच धरून मी उजव्या हाताने एफ-थ्री दाबले. ओळ धावत आली. एंटर. किंचाळी. एकतीस. पुन्हा एफ-थ्री, पुन्हा एंटर. एकतीस.

"आवो, पन ह्यांनी काही टाईपच केलं न्हाई!" मामा ओरडले. "नुसतं एक बटन दाबत्यात!"

"मग?" रंगुबाई म्हणाल्या. "त्याला समदं ध्यानात हाय. तुझ्या मोबाईलला दर येळी नव्यानं सांगावं लागतं."

मामांनी पुढे होऊन तिसरा कागद स्वतःच फाडला. मला दोनच अंगठे. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

"मावशी, ह्ये बगा! ह्या मशीनच्या मतानं पोरगी एकोनीसशे एक साली जल्मली! गुण ह्या पोरीचे न्हाईतच मुळी!"

कागद रंगुबाईंच्या हातात गेला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. कागद लांब धरला, जवळ धरला. चांगुणा देवघराकडे पाहत होती. करणने संस्कृतीकडे पाहिले आणि संस्कृतीने जमिनीकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा तयार थापेशिवाय बसलो होतो.

"एकोनीसशे एक," रंगुबाई सावकाश म्हणाल्या. "म्हंजी माझ्यापरीस लई थोरली की."

"बरं झालं. घरात समद्यात म्हातारी मीच. मला दटावनारं कुनी नव्हतं, त्यानं दिपाली बिघडली. आता वडीलधारं मानूस येतंय, ते बगील." त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली. "तीनदा कौल दिला हाय. बिभीषना, तुझ्या मेव्हनीच्या पोरीला म्हनावं, दुसरं ठिकान बघ. आन सुपारी कुनी आनलीय का मीच काढू?"

सुपारी गहिनीनाथांनी फोडली. आधी तिच्यावर थाप मारून. करण आणि संस्कृतीला मध्ये बसवले, साखर वाटली, मामांनाही दिली, आणि त्यांनी ती खाल्लीसुद्धा. मी सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या विजयाचे वर्णन दिपालीला सांगू लागलो, तर ती म्हणाली, "तात्या, माझे सत्तावीसच होते का खरंच? एकदा ते बटण दाबून बघता?"

मग संस्कृती डोक्यावरून ओढणी घेऊन रंगुबाईंच्या पाया पडायला वाकली. रंगुबाईंनी झटकन पाय वर ओढून घेतले आणि दोन्ही हात जोडले.

"अवो, आसं काय करताय? थोरल्या बाईनं धाकटीच्या पाया पडायचं नसतं. बसा हितं, माज्याजवळ." मग आत वळून ओरडल्या, पुणतांब्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "दिपाली! पानी आन ह्यांला! सव्वाशे वर्सांच्या म्हातारीला कवाची उभी ठिवलीया!"